एक घर, एक शब्द

मी यवतमाळच्या एका लहानशा कला महाविद्यालयात शिकवते. सकाळी मुलं स्थिरचित्र, अक्षरलेखन वगैरे करतात आणि जेवणं झाल्यावर, डोळ्यांवर झापड यायच्या वेळी, माझा तास असतो. विषय जाहिरातकलेचा इतिहास. खिडक्यांना जुन्या चादरी लावून अंधार करायचा आणि पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन, मॉस्को इथल्या भिंतींवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काय चिकटवलेलं होतं ते आमच्या भिंतीवर दाखवायचं. मुलं पुसद, दारव्हा, वणी अशी जिल्ह्याच्या सगळ्या कोपऱ्यांतून आलेली. त्यांतली बरीचशी पुढं फ्लेक्सच्या दुकानात बसणार, थोडी शाळेत चित्रकला शिकवणार. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हे आपल्याले कायले शिकाचं?" आणि दरवर्षी मी काहीतरी उत्तर देते.

या वर्षी विचारणारा पुसदचा मुलगा होता. हाताचा फार चांगला. बसस्टँडजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात काम करून शिकत होता आणि वाढदिवसाच्या बॅनरवर एकाच वेळी पंधरा-वीस चेहरे कसे बसवायचे यात तरबेज झाला होता. मी त्याला म्हटलं, "तुझ्या बॅनरवर रस्त्यानं जाणारा माणूस काय वाचतो?"

"काहीच नाही वाचत," तो हसून म्हणाला. "ज्याचा फोटो आहे तोच वाचते."

"मग ज्यांनी पहिल्यांदा हा विचार केला की जाणाऱ्यानं वाचलं पाहिजे, त्यांच्याबद्दल हा तास आहे."

वर्ग हसला. मागं दाराजवळ बसलेली एक मुलगी मात्र हसली नाही. ती राजूरच्या बाजूची, कोळसा खाणीच्या पट्ट्यातली. बोलायची फार कमी. तिची एक सवय माझ्या लक्षात आली होती. बाहेरच्या रस्त्यावरून जड ट्रक गेला, खिडकीची तावदानं थरथरली, की ती बाकावर तळहात टेकवून बसायची. ट्रक दूर जाईपर्यंत हात तिथंच. मला वाटलं, असेल एखादीला सवय.

पहिले काही आठवडे मजेत जातात. पॅरिसच्या भिंतींवरची ती रंगीत पोस्टरं, दगडावर चित्र काढून छापलेली. त्यांतल्या बायकांचे केस वेलीसारखे वळत वळत पोस्टरच्या चौकटीबाहेर निघालेले. मुलींना ती फार आवडतात, मेंदीच्या नक्षीसारखी वाटतात. मग व्हिएन्नाचे लोक येतात, ज्यांना वेलींचा कंटाळा आला आणि जे चौकोनांकडं वळले. आणि मग येतं बर्लिन.

बर्लिनच्या पोस्टराची एक गोष्ट मी नेहमी सांगते. काड्यापेटीच्या जाहिरातीची स्पर्धा होती. एका तरुणानं आधी टेबल काढलं, त्यावर टेबलक्लॉथ, राखदाणी, सिगार, धुरात नाचणाऱ्या मुली. ओळखीच्या एकानं पाहून विचारलं, सिगारची जाहिरात का रे? तेव्हा त्यानं एकेक करून सगळं पुसून टाकलं. मुली गेल्या, सिगार गेला, टेबल गेलं. उरल्या दोन काड्या आणि कंपनीचं नाव. स्पर्धा तोच जिंकला, असं सांगतात. एक वस्तू, एक शब्द, सपाट रंग. घोड्यावरून जाणाऱ्यालाही कळेल, ज्याला धड वाचता येत नाही त्यालाही कळेल.

"बस? एवढंच?" पुसदचा म्हणाला.

"एवढंच."

त्या दिवशी तास सुटल्यावर राजूरची मुलगी थांबली. "मॅडम, ज्याले वाचता येत नाही त्याले बी कळते, हे खरंच आहे का?"

"खरंच आहे. म्हणूनच पुढं पहिल्या महायुद्धाची लढाई लागली तेव्हा सगळ्या देशांनी हीच पोस्टरं लावली. भरती व्हा, पैसे द्या, शत्रूपासून जपा. इकडच्यांनी लावली, तिकडच्यांनीही लावली. चित्रं इतकी सारखी की झाकून ठेवलं तर कोणाचं कोणतं ते सांगता येत नाही."

तिनं मान हलवली आणि गेली. खिडकीवरची चादर काढणारा पुसदचाही ऐकत होता.

पोळा झाल्यावर मी सगळ्यांना काम दिलं: आपल्या गावातली एक वस्तू आणि एक शब्द. दोन रंग, जास्त नाही. बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणं कापसाचं बोंड आणलं. पुसदच्यानं संत्रं आणलं, इतकं सुरेख की सोलावंसं वाटावं. राजूरच्या मुलीनं कागद उलटा धरून आणला आणि माझ्या टेबलावर ठेवून सरळ केला.

वरच्या बाजूला एक काळं घर. साधं, उतरत्या छपराचं, दार-खिडकी नसलेलं. घराखाली बारीक काळी रेघ, म्हणजे जमीन. आणि त्या रेघेखाली कागदाच्या तळापर्यंत लालच लाल. काहीच आधार नाही. खाली मोठ्या जाड अक्षरांत: पोकळ.

मी कागद उचलून जरा लांब धरला. मग शिक्षकासारखीच बोलले. रशियात क्रांतीनंतर पोस्टरं करणाऱ्या रचनावाद्यांचा लाल असाच होता, म्हटलं. तोल छान साधलास. रेघ अजून बारीक केलीस तर भीती वाढेल. ती ऐकत होती. शेवटी मी विचारलं, "ही कल्पना सुचली कशी?"

"कल्पना नाही मॅडम. हे आमचं घर आहे."

मी पुढच्या सुट्टीला तिच्यासोबत गेले. यवतमाळहून वणीची एसटी, वणीहून ऑटो. वणी सोडलं की रस्त्याचा रंगच बदलतो. झाडांची पानं काळी, कपाशीचीही काळी, चुन्याच्या भट्ट्यांजवळ तीच पानं पांढरी. कोळशाच्या ट्रकांची रांग संपतच नाही. तिची वस्ती राजूरच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून आत. खाली जुन्या भूमिगत खाणीचे बोगदे आहेत, केव्हाच बंद झालेले. तिचे वडील त्यांतच उतरायचे. आता घरी असतात. भाऊ एका कोळसा वाहतुकीच्या ठेकेदाराकडं ट्रकवर आहे. ठेकेदाराचे ट्रक याच वस्तीवरून जातात; जमीन धोक्याची ठरली तर त्याचा रस्ता बंद.

तिची आई दारातच उभी होती. "या बाई. दार लावू नका पण, लागतच नाही ते."

दाराची चौकट तिरकी झाली होती. भिंतीवर जमिनीपासून वर चढत गेलेली भेग, तिच्यात सिमेंट भरलेलं, आणि त्या सिमेंटलाही पुन्हा भेग. शेजारच्या घरीही तसंच. मागच्या बाजूला हातपंप होता. मुलीनं दांडा मारून दाखवला. पाणी आलं नाही. आतून हवा आली, लांब, घशातून यावी तशी.

शेजारची बाई आपल्या मागच्या स्वयंपाकघरात भाकरी करत होती. साठीच्या आसपासची, नवरा गेलेला, बकऱ्या पाळून राहणारी. मला पाहून ती म्हणाली, "बकऱ्या बी तिकडं जात नाही आता. त्या बोरीपासी. ओढलं तरी पाय रोवून उभ्या राह्यते."

"आवाज येतो का काही?" मी विचारलं.

"येते ना. ट्रक जाते तवा भांडे वाजते, ते येगळं. हे ट्रक नसतानी येते. खालून कोणी जड पेटी सरकवून राह्यलं असं वाटते."

मुलीचे वडील बाजेवर बसले होते. मी विचारलं, "काका, तुम्ही सांगितलं का कोणाला?" तेव्हा त्यांनी पोराच्या शर्टाकडं पाहिलं, जो दोरीवर वाळत होता आणि ज्याच्या खिशावर ठेकेदाराच्या धंद्याचं नाव शिवलेलं होतं. म्हणाले, "सांगून राह्यलो ना जी, किती वर्सांपासून. लोक येते, फोटो काढते, चाल्ले जाते."

परत येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली. तळहात सीटच्या लोखंडी दांड्यावर. तेव्हा मला तिची वर्गातली सवय कळली. ती म्हणाली, "मॅडम, हे पोस्टर छापता येईल का? लोकायले सवय होऊन गेली भेगायची. दिसतच नाही त्यायले."

यवतमाळात कळंब चौकाच्या बाजूला एक स्क्रीन प्रिंटिंगवाले चाचा आहेत. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, दुकानांची पाकिटं छापतात. आमची मुलं त्यांच्याकडं छपाई शिकायला जातात. चाचांनी चित्र पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मुलीकडं पाहिलं. "बेटा, ये तुमने सोच के बनाया? ये घर कोई भूल नहीं सकता, ऐसा बनाया." मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, छाप देतो मी. पण हे लावाल तिथं कोणाले आवडणार नाही. अपने नाम की पट्टी मत छापना नीचे." पोस्टराखाली छापखान्याचं नाव असतं, ते त्यांनी स्वतःचंही घातलं नाही.

आधी लाल, तो वाळला की त्यावर काळा. ती स्वतः जाळीवरून शाईचं रबर ओढत होती. कागद दोरीवर एकामागं एक टांगले गेले आणि त्या लहान खोलीत सगळीकडं ते घर लटकायला लागलं. मी त्या खोलीत फार वेळ उभी राहू शकले नाही. बाहेर येऊन चहा घेतला.

पोस्टरं तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी लावली. पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या कुंपणावर, ऑटो थांबतात त्या निवाऱ्यावर, घरांच्या भिंतींवर. मी नव्हते, पण तिनं फोनवर सांगितलं की लोक थांबून पाहत होते. कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं चित्रातल्या लालवर बोट ठेवलं आणि मग बोट पुसलं, रंग लागला की काय म्हणून. शेजारच्या बाईनं त्याच दिवशी चूल उचलून घराच्या पुढच्या अंगणात आणली. दोन-तीन घरांनी मागच्या खोल्यांत निजणं सोडलं. वस्तीतले काहीजण मिळून वणीला तहसीलमध्ये जायचं ठरवत होते.

आणि मग एका सकाळी सगळी पोस्टरं गेली. फाडलेली नव्हती. कोपरा कुठं राहिलेला नाही, खळ खरवडून काढल्यासारखी, नीट सोडवून नेलेली. मुलीनं घाबरून फोन केला. "कोणी नेले समजतच नाही मॅडम. फाडले असते तं राग तरी आला असता."

ते तिच्या वडिलांनीच केलं होतं. दोन दिवसांनी तिला पलंगाखाली गुंडाळी सापडली, सुतळीनं बांधलेली. ते तिला म्हणाले, "ठेकेदाराचा माणूस आलता. चांगला बोलला. चहा पेला. म्हणे, काका, तुमची पोरगी यवतमायले काय शिकते? बस, एवढंच इचारलं त्यानं." आणि मग, "माह्या पोराची नोकरी हाय, तुह्या शिक्षणाचं हाय. म्या फाडले नाही, पाहून घे. एक बी फाडला नाही."

ती मला हे सांगताना रडली नाही. मला वाटलं रडेल. "सारे कागद सरळ गुंडाळले बाबानं, एक कोपरा बी दुमडला नाही," एवढंच म्हणाली.

त्या दिवसांत मी वर्गात रशियाच्या तासावर आले होते. लाल पाचर पांढऱ्या गोलात घुसते ते चित्र, तिरक्या रेघा, मोठे बाण, एका शब्दात दिलेले हुकूम. मग हॉलंडचे लोक, ज्यांनी उभ्या-आडव्या रेघांपलीकडं सगळं टाकून दिलं. जर्मनीतली ती शाळा, जिथं खुर्ची आणि अक्षर एकाच विचारानं घडवायचे. तिथल्या तरुणांना वाटत होतं की साफ अक्षरं असली की साफ जग होईल. मला दरवर्षी हे सांगताना आनंद होतो. या वर्षी मात्र प्रत्येक चित्रात मी घराखालचा रंग शोधत होते.

कामं तपासायचा दिवस आला. मुलांनी एकेकानं उठून आपलं पोस्टर भिंतीला लावायचं, दोन वाक्यं बोलायची. पुसदच्या मुलानं आधीचं संत्रं आणलं नाही. त्यानं एक मोठा छापील फोटो आणला, रस्त्याकडेला लोखंडी सांगाड्यावर चढवलेल्या फ्लेक्सचा.

"मॅडम, हे खरंखुरं काम आहे," तो उत्साहानं म्हणाला. "दुकानात आलेली ऑर्डर. एक वस्तू, एक शब्द, दोनच रंग. मालक म्हणे एवढं रिकामं कोणी लावते का? म्या म्हटलं, लावून तं पाहा."

वर काळं घर. तेच उतरतं छप्पर, त्याच जाडीचं. मागं लाल पार्श्वभूमी होती, पण घराखालची जमीन रेघेची नव्हती. घराच्या तळापासून चित्राच्या तळापर्यंत काळाच काळा, घट्ट, भरलेला, जणू घर त्या काळ्यातूनच उगवलं होतं. आणि त्यावर लाल अक्षरं: भक्कम.

वर्गातल्या माना दाराकडं वळल्या. सगळ्यांनी पहिलं पोस्टर पाहिलेलं होतं. राजूरची मुलगी दाराजवळ होती. ती उभी राहिली, मग बसली.

"हे कुठं लावलंय?" मी विचारलं.

"वणीच्या तिकडं कुठंतरी. ठेकेदाराच्या माणसानं मोबाइलवर फोटो दाखवला, हिच्या पोस्टरचा. म्हणे असंच पाहिजे, पण उलटं. म्या म्हटलं, अरे हे तं आमच्या वर्गातलंच. सोपंच झालं मंग." आता त्याला सगळ्यांच्या नजरा दिसल्या. तो तिच्याकडं वळला. "काहून, काय झालं? तुयं नाव नाही टाकलं म्हणून का?"

ती म्हणाली, "तिथं माह्यं घर आहे."

"पोस्टरातलं?"

"खरं. खाली खरंच पोकळ आहे तिथं."

तो गोंधळला. माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, तुम्हीच तं सांगतलं होतं, लढाईत दोन्हीकडचे पोस्टर सारखेच होते. चित्र तं चित्र असते. खाली काय आहे हे मले कसं माहीत राहीन?"

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तो खरंच विचारत होता. आणि मला दिसत होतं की त्याचं काम जास्त चांगलं होतं. काळा जड होता, अक्षरं डोळ्यांत भरत होती, दुरून वाचता येत होतं. मी म्हटलं, "तुला माहीत नव्हतं, बरोबर आहे. आता माहीत झालंय." त्याच्या कामाला मी त्या दिवशी गुण दिले नाहीत आणि तिच्याही दिले नाहीत. वर्ग सोडून दिला. खिडक्यांवरच्या चादरी मीच एकेक करून काढल्या.

त्यानं दुकानमालकाला विचारलं, फ्लेक्स काढता येईल का. मालक म्हणाला, ज्यानं लावला त्याचा तो. राजूरच्या मुलीनं गुंडाळीतली पोस्टरं परत लावायची म्हटलं, तर वडिलांनी गुंडाळी काढून दिली नाही. वस्तीत लोकांचं बोलणं बदललं. फ्लेक्स केवढा मोठा, सांगाडा लोखंडी, कागदासारखा भिजत नाही. एवढा पैसा लावून कोणी खोटं कायले बोलीन? तहसीलमध्ये जायचं राहिलं. पाऊस परतून परतून येत होता आणि सोयाबीनच्या गंजींवर लोक ताडपत्र्या टाकत होते.

दसऱ्यानंतर चार-दोन दिवसांनी, भर दुपारी, माझा तास सुरू असतानाच तिचा फोन वाजला. वर्गात फोन घ्यायचा नाही असा माझा नियम आहे. तिनं स्क्रीन पाहिली आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, घे.

पलीकडं आई होती. आवाज इतका मोठा की पुढच्या बाकांपर्यंत ऐकू येत होता. "खाली गेलं व माय! तिचं मागचं घर खाली गेलं!"

शेजारच्या बाईचं मागचं स्वयंपाकघर जमिनीत गेलं होतं. आधी बोरीचं झाड हललं, असं लोक नंतर सांगत होते, वारा नसताना. मग बकऱ्यांचा गोठा, मग चुलीची भिंत, आणि त्या भिंतीबरोबर ती. कोसळल्याचा आवाज झालाच नाही म्हणाले. नुसता पोत्यातून धान्य सांडावं तसा. खड्ड्यात धूळ होती आणि खालून गरम, घाण वास येत होता. लोक काठापर्यंत जात आणि मागं येत. तेव्हा मुलीचे वडील बाजेवरून उठले. त्यांनी विहिरीचा दोर कमरेला बांधला, दुसरं टोक पोराच्या हातात दिलं आणि पोटावर सरपटत खाली उतरले. शेजारची बाई वरच्याच भागात एका तिरक्या स्लॅबवर अडकली होती. ते तिच्याशी सारखं बोलत राहिले, "हालू नको वहिनी, पाय सोड, मी हाय." दोघांना वर ओढून काढलं. तिची मांडी मोडली होती. वडिलांच्या पोटाची सालटं निघाली होती. बकऱ्या गेल्या.

मी आणि राजूरची मुलगी संध्याकाळच्या आधीच निघालो, तरी पोचायला अंधार पडला. पुसदचा मुलगा आमच्यामागं बसस्टँडवर आला होता. मागच्या सीटवर बसला. मी त्याला परत जा म्हटलं नाही.

बाईला वणीच्या दवाखान्यात आणलं होतं. पायाला वजन बांधलेलं, तोंडावर अजून राख. मला तिनं ओळखलं. "त्या बाई ना तुम्ही, हातपंप पाहाले आलत्या." मग छताकडं पाहत म्हणाली, "माह्यीच चूक झाली. चूल मागं नेली म्या."

"का नेली मावशी? पुढं आणली होती ना?"

"मले वाचता येत नाही बाई. चित्र पाह्यलं. पयल्या चित्रात घराखाली लाल होतं, आग असल्यावानी, म्हणून चूल पुढं आणली. मंग ते मोठं लागलं. त्यात घराखाली सारं भरेल होतं, काळं, दगडावानी. म्हटलं, भरलं असंल कोणी. बंद्या खाणी भरते म्हणते ना वाळूनं? म्हटलं, भरून टाकलं असंल सरकारनं. म्हणून नेली."

पुसदचा मुलगा वॉर्डच्या दारात उभा होता. त्यानं हे सगळं ऐकलं. तो आत आला नाही. नंतर व्हरांड्यात भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, तिनं बरोबर वाचलं. जसं म्या काढलं तसंच वाचलं तिनं." आणि पुन्हा, "कोणी म्हटलं नव्हतं काळं भरून दे म्हणून. ठेकेदाराचा माणूस म्हणे फक्त उलटं कर. भरल्यासारखं दिसावं हे माह्यंच डोकं होतं."

राजूरची मुलगी तिथंच होती. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, ओरडेल. ती त्याला म्हणाली, "चाल, सकाळी तिथं चाल माह्यासोबत."

सकाळी आम्ही तिघं गेलो. पोलिसांनी खड्ड्याभोवती दोरी बांधली होती. माणसं जमली होती, साहेब लोक आले होते, गाड्या दूर उभ्या केल्या होत्या, कारण जवळ आणायची कोणाची हिंमत नव्हती. फ्लेक्स सांगाड्यावर नव्हता. तो शेजारच्या बाईच्या वाचलेल्या सामानावर टाकला होता, ताडपत्रीसारखा, कारण पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. मुलीची आई म्हणाली, मीच सोडवून टाकला. पुसदचा तिथं जाऊन उभा राहिला. मग त्यानं वाऱ्यानं उडणारा एक कोपरा धरला आणि त्यावर वीट ठेवली. दिवसभर तो सामान हलवायला मदत करत होता. त्यानं फ्लेक्सचं दुकान सोडलं नाही; घरची परिस्थिती तशी नव्हती. पण त्या ठेकेदाराचं काम पुढं आलं तेव्हा नाही म्हणाला, एवढं मला मालकाकडून कळलं.

कॉलेजला परत आल्यावर माझे शेवटचे तास उरले होते. जर्मनीतल्या त्या शाळेवर पोलीस आले, दारं बंद झाली, साफ अक्षरं काढणाऱ्यांपैकी कोणी पकडले गेले, कोणी देश सोडून गेले आणि कोणी तिथंच राहून नव्या मालकांची पोस्टरं करू लागले, हे मी सांगितलं. नेहमी मी ते भरभर सांगते, कारण तास संपत आलेला असतो. या वेळी हळू सांगितलं. पुसदच्यानं हात वर केला. "जे राह्यले, त्यायले माहीत होतं का मॅडम, खाली काय आहे?"

"काहींना होतं. काहींनी विचारलं नाही."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. राजूरची मुलगी दाराजवळच बसली होती. बाहेरून ट्रक गेला. तिनं तळहात बाकावर टेकवला आणि तिच्या पुढच्या बाकावरच्या दोघीतिघींनीही टेकवला.

दिवाळीच्या तोंडावर राजूरच्या मुलीच्या ओळीतल्या घरांना दुसरीकडं जागा मंजूर झाली. रस्त्यापलीकडं, थोडी उंचावर, प्लॉट आखून झाले. मी अभिनंदन करायला तिच्या आईला फोन केला. त्या सामान बांधत होत्या. जुन्या घराची भेग आता ओसरीपर्यंत आली आहे म्हणाल्या, आणि भांडी बांधली असली तरी ती पोत्यात वाजतात.

"नवीन जागा पाहिली का तुम्ही?" मी विचारलं.

"पाह्यली ना. चांगली हाय, सपाट हाय. साहेब म्हणे, इथं काही भेव नाही." मागं त्यांच्या नवऱ्याचा खोकला ऐकू येत होता. "बाई, तुम्ही शिकलेल्या हा म्हणून इचारते. तिथं खाली काय हाय, हे कोणी पाह्यलं का?"

"काका काय म्हणतात?" मी म्हटलं.

"ते काहीच म्हणत नाही. सकायपासून तिथं जाऊन बसले होते. जमिनीले कान लावून."

मी म्हटलं, मी चौकशी करते. दुसऱ्या दिवशी वणीच्या कार्यालयात फोन केला. ज्यांनी उचलला त्यांनी माझं नाव-गाव विचारलं, मी वस्तीतली कोण लागते ते विचारलं, आणि जुन्या बोगद्यांचा नकाशा वरिष्ठांकडं आहे, ते आले की सांगतो म्हणाले. वस्तीतल्या लोकांनी तोवर पाया खणायला सुरुवात केली आहे.